‘शे’चं चाक : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

भाची पुण्याला नोकरीला आहे. परवा तिने आईला पाठवायचा निरोप चुकून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. रोमन अक्षरांत लिहिलं होतं, ‘काय शे?’ त्यातला ‘शे’ तिने एस, एच, ई असा लिहिलेला. पलीकडून लगेच विचारणा: ही कोण मुलगी? भाची हसत हसत सांगत होती आणि आम्हीही हसलो. मग ती म्हणाली, “मी तो निरोप लगेच डिलीट केला.” ते काही डोक्यातून जाईना.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडण्याचं काम माझ्याकडे असतं. २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन. दरवर्षी आम्ही चार तक्ते लावतो आणि कोणी बघत नाही. या वर्षी एकच शब्द घ्यायचा, ‘शे’. अहिराणीत ‘शे’ म्हणजे आहे. इतर भाषांत हाच आवाज कुठे कुठे सापडतो आणि तिथे त्याचा अर्थ काय, ते गोळा करायचं. दुसऱ्या कोणाला असं काही करायचं असेल तर आम्ही जिथे आपटलो तिथे त्याने आपटू नये, म्हणून या नोंदी.

८ जानेवारी

आठवीच्या पोरांनी मोबाइलवर शोधून एका संध्याकाळी दहा भाषांची यादी केली: अहिराणी, मराठी, गुजराती, इंग्रजी, आयरिश, फ्रेंच, हिब्रू, हंगेरियन, चिनी, योरूबा. दहाचा आकडा बघून मीही हुरळलो आणि त्याच रात्री चार बाय सहाचा फ्लेक्स टाकला. ४८० रुपये. मथळा दिला, ‘एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या दहा भाषा’.

१२ जानेवारी, रविवार

फ्लेक्स आला, आणि तासाभरात वाया गेला.

इंग्रजीचे निवृत्त सर रोज पेपर वाचायला येतात. फ्लेक्ससमोर उभे राहून त्यांनी विचारलं, “इंग्रजीत याला ‘शे’ कधीपासून म्हणायला लागले?” बरोबरच होतं. इंग्रजीतला तो शब्द ‘शी’ आहे. आम्ही स्पेलिंग पाहिलं, उच्चार ऐकलाच नाही. म्हणजे भाचीच्या ऑफिसवाल्याने जी चूक केली तीच आम्ही उलट्या बाजूने केली होती.

मग एकेक विकेट पडत गेली. चिनीत साप या अर्थाचा शब्द रोमन लिपीत अगदी तसाच लिहितात, पण तिथल्या त्या ‘ई’ अक्षराचा उच्चार ‘ए’ होत नाही. तो ओठ न गोलावता घशाकडून येतो, आपल्या ‘शअ’च्या जवळपास. शिवाय त्याला सूर असतो आणि सूर बदलला की अर्थही बदलतो. चिनी बाद. गुजरातीचा ‘छे’ म्हणजेसुद्धा आहे, पण तो ‘शे’चा सख्खा चुलत भाऊ. नात्यातला माणूस योगायोगाने भेटला असं कोणी म्हणत नाही. गुजरातीही बाद.

मथळाही चुकीचा निघाला. मराठी, अहिराणी, आयरिश, फ्रेंच या दूरच्या का होईना, पण एकाच मोठ्या कुळातल्या भाषा. त्या कुळाबाहेरच्या तीनच: हिब्रू, हंगेरियन आणि योरूबा. भाषांचं नातं आणि शब्दांचं नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फ्लेक्स छापण्याआधी लक्षात आलं असतं तर ४८० रुपये वाचले असते. फ्लेक्स आता आमच्या खळ्यात कपाशीच्या गाठोड्यांवर पडलाय.

आजपासून नियम: ज्याची ती भाषा आहे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कार्ड लिहायचं नाही.

१५ जानेवारी

तक्ता नकोच, असं ठरलं. हाताने फिरवता येईल असं काहीतरी हवं. सायकलचं चाक उभं बसवायचं, त्याला कार्डं लावायची, पुढून प्लाय आणि प्लायला एक खिडकी. चाक फिरवलं की खिडकीत एक भाषा येईल.

भंगारवाल्याकडे जुन्या सायकलचं मागचं चाक मिळालं. भाव विचारला तर म्हणतो, “दीडशे शे.” दोन ‘शे’ एकापाठोपाठ! पहिला शंभराचा, दुसरा आहेचा. हे वाक्य मी तिथेच हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं. मराठी आणि अहिराणीची कार्डं त्याने फुकटात तयार करून दिली, त्यामुळे घासाघीस केली नाही.

मिस्त्रीने चाकाच्या मधला हब उघडला. छर्रे गंजलेले आणि एक कोन, म्हणजे आसावरचा छर्रे ज्यावर फिरतात तो तुकडा, खाल्लेला. नवे छर्रे, कोन आणि ग्रीस मिळून ६० रुपये. मजुरी घेतली नाही, पण चाक कशाला हवंय ते तीनदा सांगावं लागलं.

१९ जानेवारी, रविवार

आजची नोंद लांबणार.

आमच्या गावचा एक मुलगा डब्लिनला नोकरीला आहे. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या आयरिश बाईंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आयरिशमध्ये लिहितात ‘एस, ई’ आणि त्या ‘ई’वर तिरकी रेघ. उच्चार स्वच्छ, लांबट ‘शे’. अर्थ ‘तो’. शिवाय सहा या आकड्यालाही तोच शब्द. वापर कळावा म्हणून बाईंनी एक छोटं वाक्यही म्हणून दाखवलं होतं: ‘ता शे’, म्हणजे ‘तो आहे’.

पोरं उडालीच. अहिराणीत ‘तो आहे’ला आपण म्हणतो ‘तो शे’. तिकडे ‘ता शे’. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे तिकडे पण शे म्हणजे आहेच की!” खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. इतकं जुळल्यावर कोणाला वाटणार नाही? कार्ड लिहायला घेतलंच होतं, मथळा सुचला होता, ‘आयर्लंडमध्ये अहिराणी’. सर तेवढे गप्प होते. जाताना म्हणाले, “तो काढून ती घालायला सांगा त्यांना.”

रात्री मुलाला फोन केला. अर्ध्या तासात दुसरी फीत आली: ‘ती आहे’ला म्हणतात ‘ता शी’.

वहीत चारही वाक्यं शेजारी शेजारी मांडून पाहिली. आपल्याकडे ‘तो शे’, ‘ती शे’: पहिला शब्द बदलला, ‘शे’ जागचा हलला नाही, म्हणजे ‘शे’ हाच ‘आहे’. तिकडे ‘ता शे’, ‘ता शी’: पहिला शब्द तसाच राहिला आणि ‘शे’चा ‘शी’ झाला. म्हणजे आहे हा अर्थ ‘ता’कडे आणि ‘शे’ म्हणजे तो. आवाज जवळपास तोच, वाक्याचा अर्थ अगदी तोच, आणि आतल्या दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल केलेली. आयरिश वाक्यात क्रियापद आधी येतं, त्यामुळे हे असं बसतं.

एका शब्दाचा अर्थ विचारून थांबलो असतो तर चूक कळलीच नसती. वाक्य मागवा, आणि त्यातला एक शब्द बदलून दुसरं वाक्य मागवा. या सगळ्या प्रकल्पात उपयोगी पडलेली युक्ती एवढी एकच.

सहाचं प्रकरण मात्र वेगळं. बाईंनी हौसेने एक ते दहा आकडेही म्हणून पाठवलेत. त्यात दोनला ‘दो’, तीनला ‘त्री’. पोरं लगेच म्हणाली, हे तर आपलेच. आहेतच. आकड्यातला ‘शे’ हा संस्कृतातल्या षट्‌चा लांबचा भाऊबंद. तेव्हा आयरिश कार्डावर दोन अर्थ, एक योगायोगाचा आणि एक भावकीतला. कार्ड मोठं करावं लागणार.

२३ जानेवारी

फ्रेंच झालं. जळगावला शिकवणाऱ्या एका बाईंनी फोनवरच म्हणून दाखवलं. अर्थ ‘अमक्याच्या घरी’. ‘शे म्वा’ म्हणजे माझ्या घरी. मूळ लॅटिनमधला घराचा शब्द, कासा. पोरांनी स्पेलिंग पाहून कार्डावर ‘चेझ’ लिहून ठेवलं होतं. नियम करून दोन आठवडे झाले नाहीत तोवर मोडलाही!

हिब्रूसाठी ठाण्याचे एक बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, काका मिळाले. अस्सल मराठी बोलतात, त्यामुळे काम सोपं गेलं. हिब्रूत ‘शे’ म्हणजे ‘की’ किंवा ‘जो’. ‘अनी योदेआ शे…’ म्हणजे ‘मला माहीत आहे की…’. तो एकटा उभा राहत नाही, पुढच्या शब्दाला चिकटूनच लिहितात. काकांनी बजावलं, “सुटा छापू नका, उघडा वाटतो.” म्हणून कार्डावर त्याच्यापुढे आडवी रेघ.

काकांनी जाता जाता गुगली टाकली: हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण, आणि ‘ही’ म्हणजे ती. पोरं दिवसभर एकमेकांना “मी?” विचारत फिरली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर बसलो. योरूबा ही नायजेरियातली भाषा. पुण्यात शिकणारा तिथला एक विद्यार्थी भाचीनेच गाठून दिला. त्याचा पहिला प्रश्न: “कोणता शे?”

सरळ सुरात म्हटला तर ‘करणे’. सूर वर नेला आणि वाक्याच्या सुरुवातीला ठेवला तर प्रश्न, आपण वाक्याच्या शेवटी ‘का?’ लावतो तसा. त्याने उदाहरण दिलं ते ऐकून सगळे लोळले: ‘शे दादा नी?’ म्हणजे ‘सगळं ठीक ना?’ त्यातला ‘दा’ दोन्ही वेळा लांबवून म्हणायचा. कानाला मात्र कोणीतरी पारोळ्याच्या बसस्टँडवर हाक मारतंय असंच वाटतं.

सूर वेगळा तर शब्द वेगळा. चिनीला जो न्याय लावला तो इथेही, म्हणून योरूबाची दोन कार्डं.

२९ जानेवारी

हंगेरियन. लिहायचं नुसतं ‘एस, ई’, कारण त्यांच्याकडे एकट्या ‘एस’चा उच्चारच ‘श’. अर्थ ‘हाही नाही, तोही नाही’मधला नकार: ‘शे ते, शे एन’, म्हणजे ना तू, ना मी. फीत नीट ऐकल्यावर उच्चार ‘शे’पेक्षा ‘शॅ’कडे झुकतो असं दिसलं. नियमाप्रमाणे काढायला हवं होतं. नाही काढलं. आपल्याकडे ज्या आवाजाने ‘आहे’ म्हणतात त्याच्या शेजारघरच्या आवाजाने कोणी ‘नाही’ म्हणतं, हे सोडवेना. कार्डाच्या कोपऱ्यात ‘थोडा शॅ’ असं लिहून सुटका करून घेतली.

आता आठ कार्डं. मागच्या चाकाला ४० तारा असतात. दर पाचव्या तारेला एक कार्ड. हिशेब बसला म्हणून फार खूश झालो होतो.

२ फेब्रुवारी, रविवार

हिशेब बसला, कार्डं बसली नाहीत. चाकाच्या तारा एक आड एक हबच्या डाव्या-उजव्या बाजूला जातात. दर पाचवी तार म्हणजे एक कार्ड पुढच्या बाजूला तर दुसरं मागच्या. चार कार्डं प्लायला घासत होती आणि चार आत खोल बसल्यामुळे वाचता येत नव्हती. दुपार गेली. सगळी सोडली आणि तारांऐवजी रिमलाच पट्ट्या लावून एका पातळीत बांधली. तारेलाच बांधायचं असेल तर सम आकड्याने मोजा.

सनबोर्ड कापून छापणाऱ्या दुकानात योरूबाच्या अक्षराखालचं टिंब गळालं. टिंब नसलं की तो ‘से’, आणि ‘से’ म्हटलं की शिजवण्याकडे जातो. फ्रेंच आणि हिब्रूच्या कार्डांतही चुका. तीन कार्डं पुन्हा, १३० रुपये. आधीचे २२० गेलेच होते.

५ फेब्रुवारी

अँगलचा स्टँड वेल्डिंग करून आणला, ६०० रुपये. चाक चढवलं, फिरवलं. आयरिश. पुन्हा फिरवलं. आयरिश. पोरं ओरडायला लागली, “आयरिशच येतं!”

दोन अर्थांमुळे ते कार्ड मोठं, म्हणजे जड. खिडकी मी खाली ठेवली होती, पहिलीच्या पोरालाही दिसावी म्हणून. जड बाजू खाली येऊन थांबणारच. दहा वेळा फिरवून मोजलं, आठ वेळा आयरिश.

उपाय: बरोबर समोरच्या बाजूला रिमला तारेने वायसर बांधले. एक बांधायचा, दहा वेळा फिरवायचं, वहीत लिहायचं. पाचव्या वायसरला आयरिश तीनवर आलं. सहावा लावला तर समोरचं हिब्रू येऊ लागलं, म्हणून काढला. यात दीड तास गेला, पण पोरांनी इतकं मन लावून गणिताच्या तासाला काही मोजलं नसेल.

थांबल्यावर कार्ड खिडकीत अर्धवट दिसत होतं. लहानपणी सायकलच्या तारांत पुठ्ठा अडकवून टर्रटर्र करायचो तो आठवला. पोस्टकार्ड लावलं, आवाज झकास आला, पण ते एका दिवसात फाटलं. शिवाय तारा चाळीस, त्यामुळे चाक चाळीसपैकी कुठेही थांबायचं. शेवटी रिमला आठच बोल्ट मारले, दोन कार्डांच्या मधोमध एकेक, आणि पोस्टकार्डाऐवजी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी. आता टक् करून कार्ड खिडकीच्या मधोमध थांबतं.

९ फेब्रुवारी, रविवार

प्लाय १२ मिमी, चार बाय चार, ९०० रुपये. पेंटरने मधोमध मोठा ‘शे’ काढायचा होता. त्याने ‘श’ असा जोरात काढला की मात्रेला वर जागाच उरली नाही. म्हणाला, “मात्रा बाजूला काढू का?” पुसलं, वाळवलं, पुन्हा काढलं. पेंटर ७००, रंग आणि ब्रश ३४०. मात्रा असलेलं अक्षर असेल तर शिरोरेघ आधी आखून द्या.

संध्याकाळी भरीत-भाकरी झाली. ती खर्चात धरलेली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज काम शून्य आणि वाद दोन तास. अहिराणीच्या कार्डावर ‘भाषा’ लिहायचं की ‘बोली’? एकजण म्हणाला, मराठीचीच बोली, वेगळं कार्ड कशाला. सरांनी ग्रिअर्सन हा इंग्रज काळातला अधिकारी काढला: त्याच्या भारतातल्या भाषा-सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड वेगळा, आणि खान्देशी त्यात नाही, ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली भाषांबरोबर छापली. यावर तिसरा उसळला, “साहेबाने कुठे ठेवली त्यावर आपण ठरवायचं का?” रावेरकडचे एक पाहुणे बसले होते. ते म्हणाले, “आमच्याकडे तर शे नाहीच, आमच्या लेवा बोलीत हाये. मग खान्देश म्हणजे काय फक्त तुम्हीच?”

त्यांचं म्हणणं मला पटलं. प्लायवर ‘खान्देशचा शे’ लिहायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. कार्डांवर भाषा नाही, बोली नाही, नुसतं नाव: अहिराणी. सगळ्याच कार्डांवर तसंच. वाद मिटला नाही, पण पेंटर पुन्हा बोलवावा लागला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आठला चाक वाचनालयाच्या ओट्यावर ठेवलं. शाळा सुटल्यावर रांग लागली. फिती ऐकवायला जुना मोबाइल दोरीने बांधला होता, गलक्यात त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या वेळी कानात घालायचं काहीतरी हवं.

पोरं खिडकीतलं वाचायची आणि मग त्या अर्थाने वाक्य करायची, हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. ‘शे शे शे’ म्हणजे काय यावर चौथीच्या दोघांत मारामारी होता होता राहिली. एक म्हणाला ‘तो सहा करतो’, दुसरा म्हणाला ‘शंभर आहे का?’

बाजारहून येणाऱ्या एक आजी थांबल्या. “हाई काय शे रे भाऊ?” मी म्हटलं, फिरवून बघा. त्यांनी फिरवलं आणि नेमकं अहिराणी आलं. नातवाने वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, “हाई तं माले माहीतच शे,” आणि दुसऱ्यांदा फिरवलं. फ्रेंच आलं. ते ऐकून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर बसल्या. माहेर नाशिककडच्या बागलाणातलं, तिकडे काहीजण ‘से’ म्हणतात असं त्यांनी सांगितलं. म्हणजे काही कोसांवर आपलाच शब्द कसा बोलतात ते आम्ही विचारलं नव्हतं, आणि डब्लिनला फोन लावले होते.

२४ फेब्रुवारी

हिशेब. चाक १५०, छर्रे-कोन-ग्रीस ६०, फ्लेक्स ४८०, प्लाय ९००, स्टँड ६००, रंग-ब्रश ३४०, पेंटर ७००, कार्डं २२० आणि पुन्हा १३०, बोल्ट-वायसर-पट्ट्या ९०. एकूण ३,६७० रुपये. त्यातले ६१० नुसत्या घाईचे. वेळ सात आठवडे, त्यातला फीत मागवणं आणि वाट पाहणं यातच निम्मा. घरात प्लाय असेल आणि स्वतः रंगवणार असाल तर दीड हजारात होईल.

उरलेले दोष: हबचा कोन आठवड्याने सैल पडतो, पाना जवळ ठेवावा लागतो. एक्स-रेची पट्टी एकदा बदलली. हंगेरियनबद्दल सर अजून नाराज आहेत.

१ मार्च, शनिवार

शिवरात्रीला भाची आली होती. तिने चाकाचा व्हिडिओ काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. या वेळी डिलीट केला की नाही, ते मी विचारलं नाही.

पोरांना आता ‘ना’चं चाक हवंय. अहिराणीत ‘ना’ म्हणजे ‘चा’ (मना, तुना, गावना), हिंदीत नकार, रशियनमध्ये ‘वर’, कोरियनमध्ये ‘मी’. या वेळी फिती आधी, कार्डं नंतर, आणि बागलाण डब्लिनच्या आधी. मागचं चाक नको, पुढचं घ्यायचं. त्याला ३२ तारा असतात, आठ कार्डं म्हटली की दर चौथी तार, सगळी एकाच बाजूला. भंगारवाल्याकडे जाऊन आलो. तसंच गंजलेलं चाक, पण या वेळी “दोनशे शे.” चाकाचं आम्ही काय करतो ते त्याला कळलंय.